कोपर नसलेला हात

आधीच सांगते, या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसतं वाचायला येते. तुमचे अनुभव वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते... राग मानू नका. माझा जन्मच अशा घरात झाला की भुताखेताला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. आमच्या वडिलांनी – आम्ही त्यांना नाना म्हणायचो – छप्पन साली धम्म स्वीकारला आणि घरातले सगळे देव टोपलीत घालून दुधना नदीत सोडून आले. ते प्राथमिक शिक्षक. अंगारा, उतारा, लिंबू-मिरची असलं काही दिसलं की त्यांचा आवाज चढायचा. मी बी.एस्सी. झाले ती त्यांच्याच हट्टामुळं, आणि पुढं सगळी नोकरी मुलांना विज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा खाली जे लिहितेय ते माझा विश्वास आहे म्हणून नाही. मी ते पाहिलं म्हणून लिहितेय.

ठिकाण सेलू, जिल्हा परभणी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नुकतीच तिथल्या एका हायस्कुलात लागले होते. शाळा स्टेशनच्या अंगाला. हंगामात जिनिंगमधून उडालेला कापूस वर्गाच्या खिडक्यांच्या गजांना चिकटून बसायचा, आणि पोरं तो फुंकर मारून एकमेकांच्या केसांत उडवायची.

घरात नाना, माय, मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि त्याची मुलगी सुजाता. आम्ही तिला सुजा म्हणायचो. सहा वर्षांची. दादा कापूस बाजारात कारकून होता. वहिनी त्याच पावसाळ्यात काविळीनं गेली. ती गेली त्या पहाटे सुजा तिच्या कुशीत झोपलेली होती. आम्ही तिला उचलायला गेलो तर पोर टक्क जागी... किती वेळची जागी होती, कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून ती बोलायची बंद झाली. रडलीही नाही. सांगितलेलं ऐकायची, वाढलेलं जेवायची, हाक मारली की यायची. पण तोंडातून अक्षर नाही. परभणीच्या डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले. म्हणाले, शरीरात काही दोष नाही, वेळ जाऊ द्या.

पण वेळ कोण जाऊ देतं? जो येईल तो तिची हनुवटी धरून म्हणायचा, "बोल ना गं बाळा, एकदा आत्या म्हण, एकदा दादा म्हण." शेजारणी मायला सांगायच्या, कुणीतरी तोंड बांधलंय लेकराचं, अमक्या ठिकाणी घेऊन जा. नानांनी ते कधी होऊ दिलं नाही. पण त्यांच्याकडंही दुसरा उपाय नव्हता. रोज संध्याकाळी ते तिला मांडीवर घेऊन पुस्तकातली चित्रं दाखवायचे आणि "हे काय हाय?" विचारून स्वतःच उत्तर द्यायचे.

त्यात वहिनीची आई ताडकळसहून यायची. एकटी बाई, लेक एकच, तीही गेली. "दादाराव, माझ्या लेकीची एवढीच खूण राह्यली," ती दादाला म्हणायची. "तुमी कामावर जाता, ही शाळंत जाती. लेकरू दिवसभर मुक्यावानी बसायलंय. माझ्याजवळ दिऊन टाका." दादा आधी नाही म्हणाला. मग हळूहळू गप्प बसायला लागला. शेवटी ठरलं की संक्रांत झाली की आजी येऊन तिला घेऊन जाईल.

मला ते पटत नव्हतं. पण सुजा बोलत नव्हती, मग तिला काय हवंय हे कुणी कसं सांगावं?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय, त्या यंत्रमानवाकडं येते.

त्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यात यंत्रमानव शिरला. रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या कारखान्यांवर एक लेख आला होता. मीही तो वाचला होता. त्यातल्या यंत्राला ना डोकं होतं ना पाय. नुसता एक लोखंडी हात, जमिनीत बोल्ट मारून बसवलेला, पत्रे उचलून ठेवणारा.

मी म्हटलं, "सर, आपण असाच हात करू. मुलांना तरफ शिकवता येईल, मोटर शिकवता येईल. डोकं-बिकं कशाला?"

हेडमास्तर हसले. "बाई, नुसता हात बघायला कोण येणार? हात तर सगळ्यांनाच आहेत. त्याला नाक-डोळे द्या, मग बघा गर्दी."

चित्रकलेचे कुलकर्णी सर त्यांच्याच बाजूचे. त्यांना मासिकांतल्या विज्ञानकथांचं वेड होतं. "गोष्टीतल्या यंत्रमानवाला दोनच उद्योग असतात," ते म्हणायचे. "एक तर तो मालकावर उलटतो, नाही तर त्याला स्वतःला माणूस व्हायचं असतं. आपला कोणता करायचा, बाई?"

"आपला सलाम करणारा करू," मी म्हटलं. "तेवढाच जमेल."

पत्र्याचं काम करीमचाचांना दिलं. स्टेशन रोडवर त्यांचं छोटं दुकान होतं, शेगड्या, बादल्या, चाळण्या करायचे. तेलाचे रिकामे डबे आणि जस्ती पत्रा वापरून त्यांनी शाळेतच, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, माझ्याहून वीतभर उंच असा एक गडी उभा केला.

त्याच्या उजव्या हाताबद्दल नीट सांगते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येतं. खांद्यापासून मनगटापर्यंत जस्ती पत्र्याची एकच सरळ नळी. आत बोटाएवढी जाड लोखंडी सळई. पुढं पत्रा कापून, कडा दुमडून केलेला पंजा. खांद्यात मोडक्या जीपच्या वायपरची मोटर. बॅटरी जोडली की अख्खा हात खांद्यातून सरळ वर जायचा आणि तसाच सरळ खाली यायचा. कोपर नव्हतंच. कोपर करायचं तर दुसरी मोटर लागली असती, ती आमच्याकडं नव्हती.

डोकं सगळ्यात शेवटी बसवलं. चाचांनी मला विचारलं, "बाई, इसका चेहरा कैसा होना?"

"कसाही करा चाचा. यंत्रच आहे ते."

"ऐसा नै बाई. डब्बे कू आंखा लगाये तो वो देखनेकूच लगता."

डोळ्यांच्या जागी त्यांनी टॉर्चच्या काचा बसवल्या, मागं छोटे बल्ब. तोंडाची फट कापताना कात्री एका बाजूनं जरा वर गेली. त्यामुळं तो कायम कुणाचं तरी म्हणणं ऐकून घेत असल्यासारखा दिसायचा.

सुजाला मी दुपारी शाळेत घेऊन यायची. इतके दिवस ती त्या धडाकडं बघतही नव्हती. नुसते डबेच होते ते. डोकं बसलं त्या दिवशी मात्र ती दारातच थांबली. मग हळूच पुढं गेली आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी बघते तर त्याच्या पायावर अर्धी भाकरी ठेवलेली! मग थंडी वाढली तसं तिनं घरातला नानांचा जुना मफलर आणून त्याच्या हातात अडकवला, कारण गळ्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर ओरडत असायची आणि ही त्याच्या पायाला पाठ टेकून पाटीवर रेघोट्या मारत बसलेली.

मी नानांना विचारलं, "ही त्याच्यापाशी का जाते? त्याला काही कळतही नाही."

"कळत न्हाई म्हणूनच जात असंल," नाना म्हणाले. "आपण समदे तिच्या मागं लागलोत, बोल बोल म्हणून. त्यो काही म्हणत न्हाई."

"मग भिंतीपाशी का जाऊन बसत नाही? भिंतही काही म्हणत नाही."

समोरच्या फळीवर बुद्धांची छोटी मूर्ती होती, तिच्याकडं बघून नाना म्हणाले, "भिंतीला तोंड न्हाई, बाई. ऐकून घेणाऱ्याला तोंड लागतं. आता हे बघ, आपण मूर्तीला देव मानतो का? न्हाई. पण डोळे मिटलेला माणूस समोर असला की आपले पण मिटतात. तिथं नुसता दगडाचा गोटा ठिवला तर मिटतील का?"

मला तेव्हा ते फारसं पटलं नाही. पण प्रदर्शनाला जाताना रेल्वेत जे झालं त्यानं मला विचारात पाडलं. आम्ही त्याला पॅसेंजरनं परभणीला नेत होतो, मी, कुलकर्णी सर आणि करीमचाचा. बाकावर आडवा ठेवता येईना म्हणून खिडकीशी उभा करून दोरीनं बांधला. धूळ बसू नये म्हणून कुलकर्णी सरांनी त्याच्या डोक्यावरून धोतर टाकलं, तशी समोरची एक म्हातारी कासावीस झाली. "आवो, तोंड झाकू नका त्याचं. मेल्यावानी दिसायलंय." सरांनी हसून ते बाजूला केलं. मग एका शेतकऱ्यानं त्याला वळसा घालून जाताना "जरा सरका" म्हटलं आणि स्वतःच लाजून हसला. पत्र्याच्या बादल्यांची चळत असती तर कुणी असं केलं असतं का? डोळ्यांची दोन भोकं आणि तोंडाची एक फट... माणसाला माणूस दिसायला तेवढं पुरतं.

प्रदर्शनात गर्दी झाली. त्यानं हात वर केला की लोकही हात वर करायचे. फेटेवाले म्हातारे त्याला रामराम घालायचे. पण परीक्षक म्हणाले, "यात विज्ञान आहे ते मोटरीपुरतं. बाकी बाहुलं आहे." बक्षीस मिळालं नाही. मला वाईट वाटलं नाही, कारण माझंही तेच मत होतं.

सेलूला परत आल्यावर हेडमास्तरांचा उत्साह गेला. प्रयोगशाळेत जागा अडते, खोलून टाका म्हणाले. बॅटरी ज्याची होती त्याला परत दिली. वायपरची मोटर मी स्वतः, माझ्या हातानं, पाना लावून काढली आणि कपाटात ठेवली. पत्रा करीमचाचांनी घेऊन जायचं ठरलं. ते रविवारी येतो म्हणाले, आणि नेमकी त्याच रविवारी सुजाची आजी यायची होती.

त्या दिवशी सकाळी सुजाच्या कपड्यांची पिशवी भरून झाली होती. मी शाळेत निघाले तशी तिनं माझा पदर धरला. मला कळलं तिला कुठं यायचंय. माय म्हणाली, "नको नेऊस, खोलताना बघून अजून घाबरंल." पण मला वाटलं, तिला निरोप तरी घेऊ द्यावा. आईच्या वेळेला आम्ही तिला घाईघाईनं शेजारी पाठवून दिलं होतं. दादा म्हणाला, आजी आली की मी तिला घेऊन तिकडंच येतो.

दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. शाळा बंद, आवार मोकळं. करीमचाचा प्रयोगशाळेच्या दारात शेगडीतले कोळसे फुलवत बसले होते, सांधे सोडवायला त्यांच्याकडची एक सळई तापवायची होती म्हणून. मी कपाटापाशी, पाठमोरी, स्क्रू ठेवायला डबी शोधत होते. सुजा आत त्याच्यापाशी. खोलीत आम्ही एवढेच.

टण्ण... असा एकच आवाज आला. उन्हानं पत्रा तापला की छपरावर होतो ना, तसा. मी लक्ष दिलं नाही. मग दारातून करीमचाचांचा आवाज आला, अगदी हळू.

"या अल्ला."

मी वळले.

सुजानं त्याच्या कमरेला मिठी मारली होती. तोंड त्याच्या पोटात खुपसलेलं, आणि पाठ गदगदा हलत होती. पोर रडत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा. आणि त्याचा उजवा हात तिच्या डोक्यावर होता.

नुसता खाली घसरलेला नव्हे. तो हात सरळ लोंबकळायचा, मांडीच्याही खाली यायचा पंजा. आता तो मधोमध वाकला होता – जिथं आपलं कोपर असतं तिथं – आणि पंजा तिच्या केसांवर टेकला होता. आपण लेकराच्या डोक्यावर ठेवतो तसा. जोर न देता.

तुम्ही विचाराल, भीती वाटली का? नाही वाटली. खरं सांगते, मला संकोच वाटला. दोन माणसं काही मनातलं बोलत असावीत आणि आपण न विचारता आत शिरावं, तसं. मी जागची हलले नाही. चाचाही हलले नाहीत, त्यांच्या हातातला चिमटा तसाच. सुजाचं रडणं पुरतं होईपर्यंत आम्ही दोघं नुसते उभे होतो.

मग ती त्या हाताखालून बाजूला झाली. नाक फ्रॉकला पुसलं. माझ्याकडं बघून म्हणाली,

"आत्या, हात गरम हाय."

इतके महिने न वापरलेला आवाज... घोगरा, वेगळाच. मला क्षणभर कळलंच नाही की हे कोण बोललं. मी पुढं गेले आणि त्याचा पंजा धरला. गरम होता. चटका बसेल असा नाही, आपल्या अंगाइतका. मी लगेच डावा हात धरून बघितला. तो गारठलेला. त्या खोलीला उत्तरेची खिडकी, हिवाळ्यात तिथं ऊन येतच नाही. शेगडी बाहेर, पाच-सात हात लांब.

"आत्या," सुजा म्हणाली, "आई आता येणार न्हाई ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही बाळा. नाही येणार."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. आणि मग, पहिल्यांदाच, मला येऊन चिकटली.

एवढ्यात दादा आणि आजी आवारात शिरले. आजीच्या डोक्यावर गाठोडं, त्यात नातीसाठी आणलेले तिळाचे लाडू. सुजा पळत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "आजी, मी न्हाई येत ताडकळसला. तूच राहा ना इथं."

म्हातारी दारात मटकन खाली बसली. गाठोडं सुटून लाडू गडगडले. दादा भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. आजी सुजाच्या तोंडावरून हात फिरवत एकच म्हणत होती, "अजून बोल गं माय, अजून बोल. माझ्या लेकीवानी बोलायलीस गं." सुजाला न्यायचा विषय तिथंच संपला. आजी आमच्याकडंच राहिली, पुढच्या पेरणीपर्यंत. नंतरही येत-जात राहिली.

ते घरी गेल्यावर मी आणि चाचांनी तो हात तपासला. मोटर नव्हती, बॅटरी नव्हती, वायर नव्हती. आतली सळईसुद्धा वाकलेली. चाचांनी वाकलेल्या जागेवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला, कुठं सुरकुती लागते का ते बघत.

"बाई, नळी मुडाना हुआ तो रेत भरना पडता, भट्टी में लाल करना पडता," ते म्हणाले. "फिर बी सल पडतेच. इसमें सल नै. जस्त बी नै जला." मग त्यांनी शेगडीत पाणी ओतलं. "आज मेरे से नै होता ये काम."

सोमवारी कुलकर्णी सर आले. म्हणाले, रेल्वेत दोरीच्या ताणानं वाकला असणार. पण प्रदर्शनात तो सरळ होता. मग म्हणाले, परत येताना. पण मोटर काढताना मी त्या हाताला धरूनच काढली होती, तो सरळ होता. त्यांनी आणि शिपायानं मिळून तो सरळ करून बघितला, दोघांनी लोंबकळून. तसूभर हलला नाही. सरांनी कोट घातला आणि यावर एकही गोष्ट सांगितली नाही. त्यांच्याबाबतीत हे जरा नवलच.

नाना संध्याकाळी आले. हात बघितला, धरून बघितला, तोवर गार झाला होता. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. बराच वेळ बसले. मी म्हटलं, "नाना, काय म्हणायचं याला?"

"चमत्कार म्हणू नको."

"मग?"

"मला कळलं न्हाई, असं म्हण. त्यात लाज कशाची?"

पण लोकांना एवढं पुरत नाही. चाचा कुणाला बोलले नव्हते, आम्हीही नाही, तरी गोष्ट बाजारात पोचली. दोन दिवसांत त्या डब्याच्या पायाशी नारळ आला, हळदकुंकू आलं. पाथरीकडची एक बाई पाय अधू झालेलं लेकरू कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाशी येऊन बसली. एकदा हात ठेवू द्या म्हणाली. मला वाटलं नाना आता ओरडणार. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "माय, त्यो पत्र्याचा हाय. मी डोळ्यानं बघितला. लेकराला डॉक्टर पाहिजे. परभणीला चल, मी येतो तुझ्या संगं." आणि खरंच गेले, तसेच, दुपारच्या गाडीनं. तिथून पुढं वर्षभर त्या लेकराच्या पायाच्या पट्ट्यांसाठी ते परभणीच्या चकरा मारत होते.

परत आल्यावर त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं, आता हे खोला, नाही तर इथं देऊळ होईल. करीमचाचांनी सुजाला बोलवायला सांगितलं. तिनं विचारलं, "चाचा, त्याला दुखंल का?"

"नै बेटी. आराम मिलेगा."

चाचांनी कात्री लावली नाही. एकेक रिवेट सोडवून तुकडे वेगळे केले. पत्रा घेऊन गेले, पण त्याच्या बादल्या केल्या नाहीत असं पुढं मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. उजवा हात मी ठेवून घेतला. अजून माझ्याकडं आहे. फोटो टाका म्हणाल तर टाकेन, पण फोटोत ती नुसती एक वाकलेली नळी दिसते. मागं एका ओळखीच्या इंजिनिअरला दाखवली होती. तो म्हणाला, थंड पत्रा असा वाकत नाही, आतून कापून बघावं लागेल. मी कापू दिलं नाही.

पोरीसमोर हा विषय काढायचा नाही, असं नानांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं. तिला लोकांनी बघायला यावं हे त्यांना नको होतं. आम्हीही ते पाळलं. नाना गेले, आजी गेली, करीमचाचा गेले. मी निवृत्त झाले. इतक्या वर्षांत मी सगळे खुलासे करून बघितले – तापमान, धातूचा थकवा, आम्हा दोघांना झालेला भास. भास म्हणावा तर नळी कपाटात आहे. एकही खुलासा शेवटपर्यंत टिकत नाही.

हे आत्ता लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातलं आहे. सुजा नांदेडला असते, तिचीच मुलं आता नोकरीला लागलीत. बोलायला लागली की थांबत नाही. ती माझ्याकडं आली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. बोलता बोलता म्हणाली,

"आत्या, एक विचारायचं कायम राहूनच जातं. मी लहान असताना शाळेत रडले होते बघ. आजी मला न्यायला आली होती त्या दिवशी."

माझा हात थांबला. "तुला आठवतं ते?"

"सगळं आठवतं की. तो पत्र्याचा यंत्रमानव होता ना, त्याला धरून रडले मी."

"आणि त्यानं... त्यानं तुझ्या डोक्यावर हात ठेवला?"

ती हसायला लागली. "त्यानं? आत्या, तो पत्र्याचा होता! त्याला कुठं हात वाकवता यायचा. ते काका होते ना तिथं, त्याच्या मागं उभे. उंच होते. त्यांनी त्याचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला."

"करीमचाचा?"

"न्हाई गं. चाचा दारात होते, शेगडीपाशी. हे दुसरे. तू पण होतीस की, कपाटाजवळ. मी घरी निघाले तेव्हा पण ते तिथंच उभे होते. कोण होते ते?"

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. मी, चाचा आणि ती. हे मी आजही कुणासमोरही सांगेन.

"मला माहीत नाही, सुजा," मी म्हटलं.

तिनं मेथीची जुडी सोडली, नवी घेतली. "असं कसं? मला वाटलं, तुझ्या ओळखीचे असतील. तुझ्याकडंच बघून हसत होते."